धर्मादाय खाटेचा हिशेब

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील आमच्या दुष्काळी पट्ट्यात मोठे दुखणे आले की माणसाला मिरजेला न्यायचे, ही रीत तीन-चार पिढ्यांची आहे. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, रेल्वेच्या जंक्शनमुळे कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येऊ लागले, पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि साऱ्या मुलखाचे आजारपण त्या एका गावाकडे वळले. आमच्या तालुक्याच्या गावी काही शिक्षक, व्यापारी आणि डाळिंबाचे बागायतदार यांनी वर्गणी काढून विश्वस्त संस्थेचे रुग्णालय सुरू केले, तेव्हा ‘मिरज असताना हे कशाला’ असे म्हणणारेच अधिक होते. पन्नास खाटांच्या त्या रुग्णालयात माझ्या आत्यावर खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा निम्मा खर्च धर्मादाय योजनेतून भागला. हे सारे कसे घडले, कोणती कागदपत्रे लागली, पैसा कोठून आला आणि तो कोठे अपुरा पडला, हे मी जवळून पाहिले. अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते, म्हणून ते येथे लिहीत आहे.

आत्या पंचाहत्तरीच्या पुढची आहे. तिला मूल नाही. नवऱ्याच्या पश्चात ती पुतण्याच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या मुलाच्या घरी राहते. त्याला मी दादा म्हणते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गोठ्यापाशी तिचा पाय घसरला आणि ती डाव्या कुशीवर पडली. उठता येईना, पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले. वयस्कर माणसाच्या बाबतीत ही दोन लक्षणे दिसली की खुबा मोडला असे बहुधा समजावे, हे आता मला कळते. त्या वेळी ते आम्हाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी सांगितले. मिरजेला न्यायचे की तालुक्याला, असे त्यांनी विचारताच आत्याच म्हणाली, “लांब नको गं. इथंच बघा काय ते.” मी तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे, माझे घर रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मिरजेत महिनाभर जाऊन-येऊन करणे आमच्यापैकी कोणालाच जमण्यासारखे नव्हते. म्हणून तिचे ऐकले.

क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाची मान मोडलेली स्पष्ट दिसत होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी ते चित्र उजेडापुढे धरून आम्हाला समजावले. हाडाच्या ज्या गोलाला खुब्याच्या वाटीत फिरायचे असते, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या या मानेवरूनच जातात. मान मोडून हाड सरकले की तो पुरवठा तुटतो. तरुण माणसात स्क्रू घालून हाड जुळण्याची वाट पाहता येते, परंतु या वयात ते जुळेल याची खात्री नसते, म्हणून मोडका गोल काढून त्या जागी धातूचा गोल बसवणे, म्हणजे अर्धा सांधा बदलणे, हाच मार्ग उरतो. आणि हे शक्य तितक्या लवकर, दोन दिवसांच्या आत झालेले बरे, असे त्यांनी बजावले. शस्त्रक्रियेची भीती घरच्यांना वाटते, पण वृद्ध माणसाला खरा धोका अंथरुणाला खिळून राहण्याचा असतो: न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. उपचार न करता घरी नेलेली म्हातारी माणसे पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक कशी गेली, याची उदाहरणे आमच्या प्रत्येक वाडीवर आहेत. तेव्हा लोक त्याला वयाचे कारण देत असत.

प्रश्न पैशांचा होता. शेजारच्या शहरातील एका खासगी रुग्णालयाने दादाला फोनवरच दीड लाखाच्या पुढचा आकडा सांगितला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकेच्या रंगाची पूर्वीची अट राहिलेली नाही आणि विमासंरक्षणही पाच लाखांपर्यंत वाढले आहे, त्यामुळे आमची पहिली भिस्त तिच्यावर होती. परंतु रुग्णालयाचा या योजनेतील समावेश विशेषोपचारनिहाय असतो, ही गोष्ट बहुतेकांना दारात पोहोचल्यावर समजते. येथे स्त्रीरोग, सामान्य शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडाचे काही उपचार योजनेत होते, अस्थिरोग नव्हता. योजनेचे काम पाहणाऱ्या रुग्णालयातील मदतनीसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, संगणकावर पाहून मिरजेच्या शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी देऊ केली. त्याने सांगितलेले योग्यच होते. तेथे शस्त्रक्रिया मोफत झाली असती, फक्त क्रमांक केव्हा लागेल हे त्याला सांगता येत नव्हते.

भरतीच्या खिडकीवरील तरुणाने आधी तीस हजार अनामत भरा असे सांगितले. त्याच वेळी बाजूच्या टेबलावरील समाजसेविका बाई उठून आल्या आणि त्यांनी आमचा कागद हातात घेतला. या बाईंचे पद ‘वैद्यकीय समाजसेवक’ असे असते, आणि धर्मादाय रुग्णालयात आपण ज्यांना सर्वप्रथम भेटायला हवे त्या व्यक्ती ह्याच, असे माझे मत झाले आहे. डॉक्टर काय करायचे ते सांगतात, पण ते आपल्या ऐपतीत कसे बसेल हे सांगणारे माणूस रुग्णालयात एकच असते. बाईंनी खिडकीवरील तरुणाला बोल लावला नाही. “तातडीचा रुग्ण आहे, अनामत नंतर बघू,” एवढेच म्हणाल्या आणि आम्हाला आत नेले.

नंतर त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि त्यानुसार २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना यांच्या आधारे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. निर्धन रुग्णावर पूर्णपणे मोफत उपचार करायचे; दुर्बल घटकातील रुग्णाला बिलाच्या निम्म्यापर्यंत सवलत द्यायची. आमच्या वेळी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये होती. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका चालते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे आणि जीव वाचवण्यासाठी आवश्यक तो उपचार सुरू करायचा, हेही त्या योजनेतच आहे. आम्ही एक हमीपत्र लिहून दिले, दाखला घरी जाण्यापूर्वी आणून देण्याचे कबूल केले आणि आत्याला स्त्रियांच्या सामान्य कक्षात खाट मिळाली. खाटेवर ‘धर्मादाय’ अशी पाटी असेल या कल्पनेने दादा संकोचला होता. तशी पाटी तेथे कोठेच नव्हती.

पायाला वजन बांधून त्वचेचा ताण लावला गेला आणि वेदनाशामक औषध सुरू झाले. येथे लहान गावाच्या रुग्णालयाची एक मर्यादा पुढे आली. अस्थिरोगतज्ज्ञ येथे रोज असतात, परंतु भूलतज्ज्ञ सांगलीहून ठरलेल्या वारी येतात, आणि हृदयाची इको तपासणी करणारे डॉक्टर त्यांच्याहूनही कमी वेळा. आत्याचे हिमोग्लोबिन कमी भरले होते, रक्तदाबाच्या गोळ्या ती मनाला येईल तशा घेत आली होती. त्यामुळे भूलपूर्व तपासणीशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. दोन दिवसांची मुदत याच कारणाने थोडी लांबली. शहरात दर तासाला जे उपलब्ध असते ते येथे वारावर चालते, आणि त्याचा दोष कोणाला देणार? पन्नास खाटांच्या रुग्णालयाला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ ठेवणे परवडत नाही आणि पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसेल तर खाटा वाढत नाहीत. इको करणाऱ्या डॉक्टरांना बाईंनी स्वतः फोन केला आणि ते आपला दिवस नसतानाही संध्याकाळी येऊन गेले. रक्ताची एक पिशवी सांगलीच्या रक्तपेढीतून आणली. त्या पिशवीच्या बदल्यात दादाने रक्त दिले.

या दरम्यान मी दाखल्याच्या मागे लागले होते. संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत किचकट भाग हाच, म्हणून तो सविस्तर सांगते. उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागता येतो. तलाठी चौकशी करून उत्पन्नाचा अहवाल देतात आणि त्यावर तहसील कार्यालयातून दाखला निघतो. लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. मोडलेला खुबा पंधरा दिवस थांबत नाही. समाजसेविका बाईंनी रुग्णालयाच्या कागदावर ‘रुग्ण दाखल असून शस्त्रक्रिया नियोजित आहे’ असे पत्र दिले, आणि ते पत्र अर्जाला जोडल्यामुळे काम पुष्कळ लवकर झाले. असे पत्र मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि ते मागायचे असते हे कोणी सांगत नाही.

खरी अडचण निराळीच निघाली. आत्याच्या नावावर दीड एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तिचे स्वतःचे उत्पन्न निर्धनांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. पण तिचे नाव दादाच्या केशरी शिधापत्रिकेवर आहे. तलाठ्यांनी कुटुंब धरले ते शिधापत्रिकेवरून. म्हणजे दादाची शेती, त्याचा ग्रामपंचायतीतील पाणीपुरवठ्याचा पगार आणि वहिनीचे शिवणकाम हे सारे आत्याच्या उत्पन्नात आले. दाखला २,१०,००० रुपयांचा मिळाला आणि आत्या निर्धन न ठरता दुर्बल घटकात बसली. तलाठ्यांनी नियमाबाहेर काही केले असे मला म्हणता येणार नाही. दादा तिला सांभाळतो हे खरेच आहे. परंतु पुतण्याने म्हाताऱ्या काकूला घरात घेतले म्हणून ती कागदावर कमी गरीब ठरते, आणि तिला वेगळे काढून दिले असते तर उपचार पूर्ण मोफत झाला असता, हे गणित ऐकून दादा काही वेळ बोललाच नाही. शिधापत्रिका विभक्त करण्याचा अर्ज आता करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल, असा सल्ला सेतू केंद्रात मिळाला. तो व्यवहाराचा होता, तरी दादाने अर्ज केला नाही. ‘लोक काय म्हणतील’ यापेक्षा ‘काकूला काय वाटेल’ हा विचार त्याच्या मनात होता, असे मला वाटते.

शस्त्रक्रिया पाठीतून भूल देऊन झाली. आत्या शुद्धीत होती, आणि आतून हातोडीचे आवाज येत होते असे नंतर तिने सगळ्या कक्षाला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट आले आणि तिला वॉकर धरून उभे केले. आम्हाला हे क्रौर्य वाटले. पण लवकर उभे राहता यावे म्हणूनच ही शस्त्रक्रिया घाईने करायची असते. रक्त गोठू नये म्हणून पोटावर इंजेक्शने सुरू होती. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची, अशा सूचना मिळाल्या. जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापलेल्या बाईला या पाळणे शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेले. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यामुळे कमोडची खुर्ची लागणार होती. ती रुग्णालयाच्या साहित्य केंद्रातून परतीच्या बोलीवर मिळाली. असे साहित्य केंद्र हे रुग्णालयाचे कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खाते असेल: वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या, खाटा, सगळे कोणाच्या ना कोणाच्या घरून काम संपल्यावर आलेले.

बिल तयार झाले तेव्हा हिशेबनीसांनी मला समोर बसवून ते वाचून दाखवले, आणि तेथेच मला या योजनेचे आतले स्वरूप कळले. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची देखभाल आणि नेहमीच्या तपासण्या यांचे शुल्क धर्मादाय रुग्णाला लावायचे नसते. ज्यांचे शुल्क लावता येते त्या बाबींचा दर रुग्णालयातील सर्वांत खालच्या वर्गाचा धरायचा. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि बसवलेला सांधा हे छापील किमतीला नव्हे, तर रुग्णालयाला पडलेल्या खरेदीच्या किमतीला द्यायचे. डॉक्टरांनी आपले शुल्क सोडले तर ते बिलात दाखवायचेच नाही. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ते सोडले होते. सांध्याची छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत दुपटीहून अधिक अंतर होते. एरवी लाखाच्या घरात गेले असते ते बिल अशा रीतीने अडतीस हजारांवर आले, आणि त्यातील निम्मे, एकोणीस हजार, आम्ही भरले. निम्म्याहून अधिक बचत सवलतीपूर्वीच, निव्वळ किंमत लावण्याच्या पद्धतीतून झाली होती, ही गोष्ट माझ्या मनात राहून गेली.

उरलेले एकोणीस हजार कोणी दिले, असे मी विचारले. हिशेबनीस म्हणाले, “इतर रुग्णांनी.” योजनेनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने निर्धन रुग्ण निधी नावाचे स्वतंत्र खाते ठेवायचे असते आणि निर्धन व दुर्बल घटक वगळता बाकी सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यात जमा करायची असते. देणग्याही त्यात घेता येतात. धर्मादाय रुग्णांची बिले या खात्यातून वळती होतात आणि त्याचा तपशील दर महिन्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो.

मी गणिताची शिक्षिका असल्याने पुढचा हिशेब मनातच झाला. महिन्याला चाळीस लाखांची बिले होणाऱ्या रुग्णालयात निधीत ऐंशी हजार येतात. म्हणजे आत्यासारखे चार रुग्ण झाले की महिना संपला. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात महिन्याला पंचवीस कोटींची बिले झाली तर त्याच दोन टक्क्यांतून पन्नास लाख उभे राहतात. दोन टक्के दोघांनाही सारखेच आहेत, पण जेथे बिले लहान तेथे निधी लहान, आणि बिले लहान असतात ती जेथे लोक गरीब आहेत तेथेच. खाटांचे वीस टक्के मोजणारा कायदा पैशाच्या बाजूने मात्र दुष्काळी तालुक्याला आणि महानगराला एकाच मापाने मोजतो. मोठी रुग्णालये आपला निधी पुरता वापरत नाहीत अशा तक्रारी अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. आमच्याकडे निधी वर्षअखेरीच्या कितीतरी आधी संपतो आणि त्याची बातमी होत नाही.

त्या महिन्यात निधी आत्यामुळे संपला नव्हता. पुरुषांच्या कक्षापलीकडे अतिदक्षता विभागात एक ऊसतोड मजुराचा मुलगा होता. फडात त्याला मण्यार चावली होती आणि श्वास थांबू लागल्यामुळे त्याला व्हेंटिलेटरवर ठेवले होते. मण्यारीचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. प्रतिविष दिले तरी श्वासाचे स्नायू परत चालू होईपर्यंत यंत्राचा आधार लागतो, आणि तो मिळाला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. तो बरा झालाही. त्याचे आईवडील बीड जिल्ह्यातून हंगामासाठी आले होते. शिधापत्रिका गावी, तहसीलदार गावी, आणि मुकादमाची उचल अंगावर. दाखला आणायला बाप गेला असता तर दोन दिवसांची मजुरी आणि मुलापाशी असलेले एक माणूस, दोन्ही गेले असते. समाजसेविका बाईंनी गावच्या सरपंचांना फोन करून दारिद्र्यरेषेखालील पिवळ्या शिधापत्रिकेचे छायाचित्र मोबाइलवर मागवले आणि त्याला निर्धन म्हणून नोंदवले. त्या एका मुलाच्या बिलाने दोन महिन्यांचा निधी संपवला. आत्याचे एकोणीस हजारही त्यानंतर उणे शिलकीतच लिहिले गेले. मधला खड्डा विश्वस्तांनी संस्थेच्या सर्वसाधारण खात्यातून तात्पुरता भरला होता, आणि ते खाते डायलिसिसच्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी राखलेले होते.

ज्यांना ऐपत आहे त्या आमच्या भागातील कुटुंबांनी साध्या शस्त्रक्रियांसाठीही सांगली-कोल्हापूरकडे धाव घेतली की तालुक्यातील निधीचे दोन टक्केही त्यांच्याबरोबर जातात, हे मला या हिशेबानंतर दिसू लागले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांतून सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने आरोग्यविम्याची वर्गणी घेण्याची पद्धत सुरू केली होती; रुग्ण होण्यापूर्वीच गावाने आपल्या रुग्णालयाशी बांधून घेण्याचा तो मार्ग होता. आमच्या विश्वस्तांपैकी एकांशी मी याविषयी बोलले. डाळिंबाच्या सौद्यात पेटीमागे काही रक्कम निधीसाठी कापण्याचा प्रस्ताव त्यांनी पूर्वी मांडला होता, तेलकट डाग रोगाने बागा गेल्या त्या वर्षी तो मागे पडला आणि पुन्हा वर आला नाही, असे ते म्हणाले.

दीड महिन्यानंतरच्या तपासणीत सांधा जागेवर असल्याचे दिसले आणि आत्याला वॉकर सोडून काठी वापरायची परवानगी मिळाली. कमोडची खुर्ची तिला अजून लागते, म्हणून ती ठेवून घेतली आणि तिची मुदत वाढवून घेतली. त्या दिवशी हिशेबनीसांना भेटले तेव्हा ते धर्मादाय कार्यालयाला पाठवायचा मासिक तक्ता भरत होते. ऊसतोड मजुराच्या मुलाची आणि आत्याची बिले त्यात खाली-वर होती, आणि शेवटच्या रकान्यातील शिलक अजून उणेच होती.